कांद्याला नाव असतं हो!

मेक्सिकोतल्या कुठल्याही बाजारात जाऊन नुसतं "मिरची द्या" म्हणून बघा. समोरचा तुमच्याकडे दयेने बघेल आणि विचारेल, "कुठली?" हालापेन्यो, सेर्रानो, पोब्लानो, हाबानेरो... आणि वाळलेल्या मिरच्यांची नावं पुन्हा वेगळी. ओली पोब्लानो वाळली की तिची 'आन्चो' होते. म्हणजे मिरचीला आयुष्यात नाव बदलायचीसुद्धा सोय आहे! आंब्यात आताउल्फो वेगळा मागतात, आवोकादो 'हास' म्हणून विकतात. आता त्याच बाजारात, त्याच गल्लीत, कांदा मागा. प्रश्न एकच येतो: "ब्लांका की मोरादा?" पांढरा की जांभळा? संपलं. फार तर एखाद्या मोठ्या दुकानात तिसरा, पिवळा.

मला ह्याचा राग येतो. (हो, वीकांताला कांद्यावर चिडून लिहितोय. प्रत्येकाचे छंद असतात.)

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. कांद्याच्या वाणाचं नाव शेतापासून ताटापर्यंतच्या वाटेत कुठेतरी गळून पडतं, आणि ते आपोआप गळत नाही, आपण ते गळू देतो. ज्याचं नाव माहीत नाही त्याचं बी मागता येत नाही, आणि ज्याचं बी कुणी मागत नाही ते वाण दुकानातून आणि मग शेतातून जातं. शांतपणे. कुणी बातमीसुद्धा देत नाही.

आता "कांदा म्हणजे कांदा, त्यात काय एवढं" म्हणणारी मंडळी. ही सगळ्यात जास्त माझ्याच व्यवसायात आहेत. मी ग्वादालाहारात राहतो. हे मेक्सिकोतलं सॉफ्टवेअरचं मोठं केंद्र, त्यामुळे आपल्यासारखे बरेच जण इथे प्रोजेक्टवर येऊन-जाऊन असतात. कॉफीचं बी कुठल्या डोंगराच्या कुठल्या उताराचं हे विचारणारे, दोन लायब्ररींच्या आवृत्तीत एका टिंबाचा फरक असला तरी तासभर वाद घालणारे हे लोक कांद्याच्या बाबतीत "व्हाइट" ह्या एका शब्दावर समाधानी असतात. मित्रांनो, 'व्हाइट' ही आवृत्ती नाही. तो नुसता रंग आहे.

मेक्सिकन स्वयंपाकात कांद्याला तीन प्रकारची नावं चिकटतात आणि आपण ती एकमेकांत कालवतो. ती आधी वेगळी करू.

पहिलं नाव रंगाचं. ब्लांका हा इथला रोजचा कांदा. टाकोवर कोथिंबिरीबरोबर बारीक चिरून पडतो तो, ग्वाकामोलेत आणि साल्सात जातो तो. पातळ कागदी सालीचा, करकरीत आणि तिखट. मोरादा म्हणजे जांभळा. युकातानमध्ये कोचिनीता पिबिलबरोबर आंबट संत्र्याच्या रसात मुरवलेला गुलाबी कांदा येतो, तो हा. आमच्या ग्वादालाहारात टोर्टा आओगादावरही हाच असतो.

दुसरं नाव वयाचं. सेबोयिता काम्ब्राय. कार्ने आसादाबरोबर निखाऱ्यावर भाजलेले, पातीसकट येणारे छोटे पांढरे कांदे. वर मीठ आणि लिंबू. मेक्सिको सोडून गेलेला माणूस वर्षानुवर्षं "तो कांदा कुठला?" म्हणून शोधत असतो तो बहुतेक वेळा हाच. आणि गंमत अशी की काम्ब्राय हे वाणच नाही! दाट लावलेला, गड्डा पुरता पोसायच्या आत उपटलेला कोवळा कांदा, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे लासलगावच्या बाजारात 'लाल' आणि 'उन्हाळ' म्हणतात ना, ती जशी हंगामाची नावं, तसं हे वयाचं नाव. 'काम्ब्राय'चं बी मागणं म्हणजे 'कोवळी काकडी' नावाचं बी मागण्यासारखं आहे.

तिसरं नाव खरं, वाणाचं. ते बियाण्याच्या डब्यावर असतं, शेतकऱ्याला पाठ असतं, आणि आपल्यापर्यंत कधीच येत नाही.

आमच्या आठवडी बाजारात, म्हणजे तिआंगिसमध्ये, मी माझ्या आवडत्या काम्ब्रायचं वाण विचारलं. विकणारी बाई म्हणाली, "ब्लांका, जोवेन." (जोवेन म्हणजे तरुण. इथे भाजीवाल्या सगळ्यांनाच म्हणतात, आनंद मानून घ्यायचा.) तिला माल देणाऱ्याला विचारलं तर त्याने एका क्षणात उत्तर दिलं: "कोहुमात्लान. दुसरा कुठला असणार?" माहिती होती! साखळीत फक्त एक पायरी मागे होती. मग एक पायरी पुढे ती का येत नाही? तर कुणी विचारत नाही म्हणून.

"अहो, एवढी माहिती प्रत्येक गोणीबरोबर पाठवणं शक्य नाही," असं कुणी सांगितलं तर २०२१ आठवा. त्या वर्षी अमेरिकेत साल्मोनेलाची साथ आली, हजाराहून जास्त लोक आजारी पडले, आणि माग काढत काढत तपास मेक्सिकोच्या चिवावा राज्यातून आलेल्या कांद्यांपर्यंत पोचला. राज्य, आयातदार, महिने सगळं सापडलं. आणि लोकांना इशारा काय गेला? लाल, पांढरा, पिवळा. म्हणजे गरज पडली तर साखळीत मागे जाता येतं. फक्त वाणाचं नाव कुणाच्या गरजेच्या यादीत नाही.

नावाची ही हेळसांड जुनी आहे. एर्नान कोर्तेसने १५२० मध्ये स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात तिथल्या मोठ्या बाजाराचं वर्णन आहे. भाज्यांच्या यादीत तो कांदे, लीक, लसूण असं बिनधास्त लिहून जातो. पण आपण खातो तो कांदा मूळचा मध्य आशियातला, अमेरिकेत तो स्पॅनिश लोकांबरोबर आला. त्या बाजारात जे होतं ते इथलं रानटी कांदाकुळ, नावाटल भाषेत 'शोनाकात्ल'. त्याला स्वतःचं नाव होतं, साहेबांनी ओळखीचं नाव चिकटवलं. पुढे शोनाकात्ल हा शब्दही परक्या कांद्यालाच लागू झाला. मोरेलोस राज्यात होनाकातेपेक नावाचं गाव आहे, अर्थ 'कांद्यांच्या टेकडीवर'. टेकडीवरचा तो कांदा आणि आज त्या राज्यात पिकतो तो कांदा ह्यांचं नातं फक्त नावाचं. पाचशे वर्षांपूर्वी जे झालं त्याला विजेत्याचा अडाणीपणा म्हणू. आज आपण करतो त्याला काय म्हणायचं?

आता घरी लावण्याबद्दल. इथेही नाव न विचारण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती जास्त रोकडी आहे.

कांद्याला घड्याळ कळत नाही, दिवस कळतो. (२०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं बंद केलं. कांद्याने ते कधी मानलंच नव्हतं.) दिवसाची लांबी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पात वाढायची थांबते आणि गड्डा पोसायला लागतो. मॅग्रुडर आणि अलार्ड ह्या अमेरिकन संशोधकांनी १९३७ मध्ये वाणावाणांतला हा फरक नीट मांडून दाखवला. काही वाणांना १०-१२ तासांचा दिवस पुरतो, काहींना १२-१४ लागतात, आणि उत्तरेकडच्या वाणांना १४ तासांच्या वर. ग्वादालाहारा २०.७ अक्षांशावर आहे. इथला वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतच संपतो. म्हणजे लांब दिवसांचं वाण इथे जन्मभर पातच देणार.

मी ऑक्टोबरात गच्चीवर तीन ओळी लावल्या. एक कोहुमात्लान, इथल्याच बियाण्याच्या दुकानातून वजनावर घेतलेलं. दुसरा इथला संकरित पांढरा. तिसरा मुद्दाम, अमेरिकेतून आलेल्या सुंदर चित्राच्या पाकिटातला 'व्हाइट स्वीट स्पॅनिश'. चित्र बघाल तर हुबेहूब मेक्सिकन ब्लांका. नावात स्पॅनिश, रंग पांढरा, अजून काय पाहिजे? पण ते लांब दिवसांचं वाण आहे. मार्चमध्ये पहिल्या दोन ओळींच्या माना पडल्या, तिसरी ओळ गवतासारखी हिरवीगार उभी होती. रंगावरून बी घेणाऱ्या प्रत्येकाच्या बाल्कनीत हेच होतं आणि तो बिचारा खताला दोष देत बसतो.

बाकी दोन ओळींतला फरक बघण्यासारखा होता. संकरित कांदे सगळे एका मापाचे, सगळ्यांच्या माना एकाच आठवड्यात पडल्या. कोहुमात्लान रांगेत उभं राहायला तयारच नाही. एक आज, एक तीन आठवड्यांनी, मधेच एखादा जोडकांदा. माझ्या काम्ब्रायच्या जुडीत जी उन्नीस-बीस मापं दिसायची ती हीच. रंगावरून नाही, वागण्यावरून वाण ओळखतात ते असं. दिवसाची लांबी, मान पडायचा काळ, एकसारखेपणा, साल, टिकाऊपणा. ओळख पटवायची तर शेजारी शेजारी लावून बघण्याला पर्याय नाही.

काम्ब्राय हवा असेल तर त्याच बियांची रोपं दाट लावा, बोटभर अंतरावर, आणि गड्डा लिंबाएवढा व्हायच्या आत उपटा. पूर्ण कांदा हवा असेल तर चार बोटं अंतर ठेवा. कुंडी वीतभर खोल पुरते, ऊन मात्र पूर्ण दिवसाचं लागतं. बी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की टाकायचं, दीड-दोन महिन्यांनी पेन्सिलीपेक्षा बारीक असतानाच रोपं हलवायची. एवढंच आहे. ह्यात अवघड काही नाही, अवघड आहे ते बरोबर नाव मिळवणं.

"मग बाजारातला कांदाच बुडखा कापून पाण्यात ठेवतो की!" हे तूनळीवरचं लाडकं उत्तर. त्यातून पात येते, छान, भुर्जीवर घाला. पण कांदा हे दोन वर्षांचं पीक. पहिल्या वर्षी गड्डा, थंडी लागली की दुसऱ्या वर्षी डेंगळा, फूल, बी. तुम्ही पाण्यात ठेवला तो म्हातारा कांदा आहे, तो पुन्हा तसाच टपोरा कांदा देत नाही. त्याला फुलू दिलंत तर बी मिळायला हवं, आणि इथे खरी मेख आहे.

१९२५ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे हेन्री जोन्स ह्या संशोधकाला 'इटालियन रेड' जातीच्या कांद्यात एक विचित्र झाड सापडलं. फुलं येत होती पण परागकण नाहीत. नर वांझ. त्याच्या फुलोऱ्यावर बारीक कांदुल्या धरायच्या, म्हणून ते टिकवता आलं. जोन्स आणि क्लार्कने १९४३ मध्ये ही वांझपणाची आनुवंशिकता उलगडली, आणि एकेका फुलाचे परागकोष चिमट्याने काढत न बसता संकरित कांदा करणं शक्य झालं. आजचा संकरित कांदा त्या शोधाचा वारस. हुशार काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा परिणाम असा की संकरित कांदा घरी फुलवलात तर त्याच्या परागकोषात बहुतेकदा काही नसतं. आणि शेजारच्या परागाने बी धरलं तरी त्यातून तो कांदा परत येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर तुम्हाला चालवायची फाइल मिळाली, सोर्स नाही. कोहुमात्लानसारख्या सरळ वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी पुन्हा कोहुमात्लानच. सोर्ससकट.

गैरसमज नको. संकरित कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याला मी नावं ठेवत नाही. एका मापाचा माल आणि एकाच आठवड्यातली काढणी ह्यावर त्याचे मजुरीचे पैसे अवलंबून आहेत. घाऊक खरेदीदाराला एकसारखं माप हवं असतं, कारण आपल्याला ढिगात एकसारखा कांदा हवा असतो. म्हणजे फिरून गाडी आपल्याच दारात. ज्या ग्राहकाला फक्त रंग आणि माप कळतं त्याला रंग आणि मापच विकलं जाणार. कोहुमात्लानचा दोष एवढाच की त्याचे गुण रंग आणि मापाच्या रकान्यात बसत नाहीत.

उलट नाव टिकलं तर काय होतं तेही बघा. अलिबागचा पांढरा कांदा. मुंबईकर 'पांढरा कांदा' मागत नाही, 'अलिबागचा' मागतो, माळ बघून घेतो आणि दोन पैसे जास्तही देतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते नंतर. लोकांच्या तोंडात नाव आधी होतं. चापाला सरोवराच्या काठावर, मिचोआकान राज्यात, कोहुमात्लान नावाचं गाव आहे, ग्वादालाहाराहून काही तासांच्या अंतरावर. त्या गावाचं नाव कांद्याच्या डब्यावर आहे आणि इथल्या खवय्यांच्या तोंडात नाही. दोन्ही पांढरे कांदे, जवळजवळ एकाच अक्षांश पट्ट्यातले. नशीब मात्र वेगळं.

कायद्याचा भागही बाजूला ठेवण्यासारखा नाही. २०२० मध्ये लागू झालेल्या उत्तर अमेरिकेच्या व्यापार करारात मेक्सिकोने वाणांच्या हक्कांबद्दलचा १९९१ चा आंतरराष्ट्रीय मसुदा स्वीकारायचं मान्य केलं. मेक्सिको आधीपासून १९७८ च्या मसुद्यात होता. नव्या मसुद्यात पैदासकाराचे हक्क वाढतात आणि संरक्षित वाणाचं बी शेतकऱ्याने राखून ठेवणं ही सवलत होते, तीसुद्धा देशाने दिली तर. भारताने २००१ च्या कायद्यात वेगळा रस्ता घेतला. तिथे शेतकरी बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूसुद्धा शकतो, फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. गच्चीवरच्या कुंडीला कुठलाच कायदा आडवा येत नाही, घाबरू नका. पण मुक्त वाणं जितकी कमी उरतील तितकं हे कायदे जास्त बोचतील. हक्क वापरायला आधी वापरण्यासारखं बी हातात हवं.

"मग मी एकटा कुंडीत बी राखतो" म्हणाल तर तेवढंही पुरत नाही. कांद्याचं परागीभवन कीटक करतात, आणि पाच-सहा कांद्यांतूनच बी धरत गेलात तर दोन-तीन पिढ्यांत वाण खुरटतं. त्याला गोतावळा लागतो, काही डझन झाडांचा. शिवाय कांद्याचं उळं फार काळ टिकत नाही, घरच्या हवेत वर्ष-दोन वर्षांत उगवण घसरते. म्हणजे हे एका बाल्कनीचं काम नाही. दहा-वीस घरांनी आपापल्या कुंडीतले चांगले कांदे निवडायचे, आणि फुलायला सगळे एकाच गच्चीवर आणायचे, जिथे जवळ दुसरा कांदा फुललेला नाही. मग बी वाटून घ्यायचं. आपण आठवड्याला चार मीटिंगा करतो, वर्षाला ही एक जमायला हरकत नाही.

आणि भारतात परत जाणाऱ्यांनी, कृपा करून, बी खिशात टाकून नेऊ नका. २००३ च्या आदेशाप्रमाणे परवाना आणि वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि तो नियम योग्य आहे. रोग नावावरून नाही, बियांवरून पसरतात. नाशिकचा दिवस ग्वादालाहाराएवढाच आहे, पण नाशिकच्या बाजूला स्वतःची सरळ वाणं आहेत: एन-५३, बसवंत-७८०, एन-२-४-१. त्यांची नावं किती जणांना माहीत आहेत? विचारून बघा आपल्या भाजीवाल्याला. त्याला माहीत नसेल तर त्याने पुढे विचारावं म्हणून तरी विचारा.

ग्वादालाहारातल्या मंडळींसाठी: माझ्याकडे कोहुमात्लानचे चाळीसेक निवडलेले कांदे सावलीत टांगलेले आहेत. नोव्हेंबरात लावणार आहे. ज्यांच्याकडे स्वतःचे असतील त्यांनी घेऊन यावेत. बियाण्याच्या दुकानाचं नाव, डब्यावरचं नाव आणि पेरल्याची तारीख, तिन्ही चिठ्ठीवर लिहून. नुसतं 'ब्लांका' लिहिलेली चिठ्ठी परत केली जाईल :)